जुन्या आवृत्त्यांना निरोप देताना

९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डेबियन १३’ हे लिनक्स वितरण जाहीर झाले. त्याच्या घोषणेत तीन आकडे शेजारी शेजारी दिले होते. नवी पॅकेजेस १४,१०० हून अधिक, एकूण पॅकेजेस ६९,८३० आणि कालबाह्य ठरवून काढून टाकलेली पॅकेजेस ८,८४० हून अधिक. पहिल्या दोन आकड्यांची बातमी होते, तिसऱ्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पण तोही दर वेळी असतोच. २०२३ च्या ‘डेबियन १२’मध्ये तो ६,२९६ होता आणि २०२१ च्या ‘डेबियन ११’मध्ये ९,५१९.

म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी हजारो पॅकेजेसबद्दल कुणीतरी ठरवते की यांचा मुक्काम आता संपला. हे कोण ठरवते, कशाच्या आधारावर ठरवते, काढलेले पॅकेज पुढे जाते कुठे आणि त्यावर ज्याचे काम चालले होते त्याने काय करायचे, हे प्रश्न तांत्रिक वाटतात. पण ज्याच्या सर्व्हरवर, प्रयोगशाळेत किंवा शाळेच्या संगणकखोलीत लिनक्स चालते, त्याच्या रोजच्या कामाशी ते थेट भिडतात. या साऱ्याचा आढावा घेताना माझे मत आधीच सांगून टाकतो. जुने काढणे हे वितरणाचे कर्तव्यच आहे, पण कारण लेखी सांगितले, पुरेसा अवधी दिला आणि काढलेले जपून ठेवले, तरच ते कर्तव्य पूर्ण होते.

फळीवर ठेवणे म्हणजे हमी देणे

लिनक्स वापरणारा माणूस सॉफ्टवेअर शोधत दारोदार फिरत नाही. वितरणाच्या भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, ते बांधून आणि डिजिटल सही करून ठेवलेले असते. एक आज्ञा दिली की ते आपल्या यंत्रावर येते. मूळ लेखकाचा कोड घेऊन तो वितरणात नीट बसवणारा, दोष आले तर ठिगळ लावणारा माणूस म्हणजे मेंटेनर. आपण विश्वास ठेवतो तो या साखळीवर. म्हणून भांडारातले प्रत्येक पॅकेज न बोलता एक हमी देत असते, की याच्याकडे कुणाचे तरी लक्ष आहे.

मूळ प्रकल्पाने काम थांबवले आणि मेंटेनरही दुसऱ्या कामाला लागला, की ती हमी पोकळ होते. दुकानावर पाटी तशीच असते, आत मात्र कुणी नसते. नवा कंपायलर आला की असे पॅकेज बांधता येईनासे होते. सुरक्षेतली त्रुटी सापडली तर ती दुरुस्त करायला माणूस नसतो. जुन्या लायब्ररीवर टेकलेली इतर पॅकेजेसही तिथेच अडकून पडतात, आणि एकाच लायब्ररीच्या दोन पिढ्या सांभाळायच्या तर प्रत्येक त्रुटी दोनदा तपासावी लागते.

ओपनएसएसएलचे उदाहरण घ्या. इंटरनेटवरचा बराचसा सांकेतिक व्यवहार या लायब्ररीवर चालतो. तिची ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि १.१.१ या जुन्या मालिकेचा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने फक्त नवी मालिका ठेवली. जुनीही ठेवली असती, तर मूळ लेखकांनी हात काढून घेतल्यावर ती आणखी काही वर्षे डेबियनच्या स्वयंसेवकांना आपल्या बळावर सांभाळावी लागली असती. इतक्या नाजूक कोडबाबत असे वचन देणे धाडसाचे आहे, आणि दिलेले वचन मोडणे त्याहून वाईट.

आकडा जुना म्हणजे माल जुना नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आवृत्तीचा आकडा लहान दिसला की पॅकेज शिळे आहे असे अनेकांना वाटते. डेबियनच्या स्थिर शाखेत सहसा आवृत्ती बदलत नाहीत, नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्यात आणून बसवतात. आवृत्तीच्या शेपटीला ‘डेब११यू५’ अशी खूण दिसली, तर डेबियन ११ साठी केलेली ती पाचवी दुरुस्ती, एवढे समजायचे. फक्त पुढचा आकडा पाहणारी तपासणी-साधने अशा पॅकेजला उगाच धोकादायक ठरवतात आणि कार्यालयांत धावपळ उडते.

उलट, ताज्या आकड्याने घात केल्याचीही उदाहरणे आहेत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. ती १.०.१ मालिकेसोबत आली होती, त्यामुळे त्याहून जुनी ०.९.८ मालिका वापरणारे डेबियन ६ सुरक्षित राहिले आणि नवे डेबियन ७ तिच्या तावडीत सापडले. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे कळेना, ते खोलात गेले आणि प्रकरण उजेडात आले. चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होता. डेबियनच्या चाचणी शाखेत त्या पोचल्या होत्या, स्थिर शाखेत मात्र ५.४.१ असल्याने ती वाचली.

त्यानंतर चाचणी शाखेला मागे फिरावे लागले. पण पॅकेजचा आकडा खाली उतरला, तर लोकांच्या यंत्रांवरचे अपडेट तो घेत नाही. म्हणून नव्या पॅकेजला नाव मिळाले ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. वरवर ५.६.१, आत खरोखर ५.४.५. नवे काढून जुने परत आणण्याची ही नोंद मला फार बोलकी वाटते. निवृत्तीचा निर्णय वयावर घेता येत नाही. आज याची राखण कोण करतो आहे, एवढाच प्रश्न खरा.

चार वितरणे, चार रीती

डेबियनमध्ये पॅकेज काढायचे तर भांडार सांभाळणाऱ्या गटाकडे रीतसर विनंती नोंदवावी लागते. विनंतीच्या शीर्षकातच कारणाचा संकेत असतो. मेंटेनरची स्वतःची मागणी असेल तर एक, गुणवत्ता गटाची असेल तर दुसरा, मूळ स्रोतातून ते पॅकेज आता तयारच होत नसेल तर तिसरा. काढण्याआधी त्यावर आणखी कोण अवलंबून आहे ते तपासतात, आणि कुणी असेल तर आधी त्याची सोय लावावी लागते. याशिवाय २०१३ पासून चाचणी शाखेत आपोआप चालणारी एक व्यवस्था आहे. पॅकेजमध्ये प्रकाशन अडवणारा गंभीर दोष असेल आणि ठराविक काळात तो सुटला नाही, तर ते त्या शाखेतून बाहेर पडते. दोष सुटला की परतही येते. इतरांचा पाया असलेली महत्त्वाची पॅकेजेस या व्यवस्थेतून वगळलेली आहेत.

त्या ८,८४० च्या आकड्याचा अर्थ लावताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेबियनच्या एका शाखेत एका नावाची साधारण एकच आवृत्ती राहते. दोन पिढ्या सोबत ठेवायच्या असतील, तर आकडाच नावात घालतात. ‘लिबएसएसएल१.१’ आणि ‘लिबएसएसएल३’ ही दोन वेगळी पॅकेजेस ठरतात. त्यामुळे काढलेल्यांच्या यादीत खरोखर संपलेल्या प्रकल्पांबरोबर अशी केवळ नाव बदलून पुढे गेलेली पॅकेजेसही मोजली जातात.

फेडोरात मेंटेनरने हात काढून घेतला की पॅकेज ‘ऑर्फन’, म्हणजे पोरके, ठरते. अशा पॅकेजेसची यादी नियमितपणे सर्वांना कळवली जाते. ते गेले तर आणखी काय काय कोसळेल, हेही त्या यादीत असते. सहा आठवड्यांत कुणी पदरात घेतले नाही, तर ते निवृत्त होते. मग त्याच्या कोडच्या जागी ‘डेड.पॅकेज’ नावाची एक फाइल उरते आणि निवृत्तीचे कारण तिच्यात लिहिलेले असते. पण भांडारातून पॅकेज गेले तरी लोकांच्या यंत्रांवर ते असतेच आणि पुढच्या आवृत्तीकडे जाताना आडवे येते. त्यासाठी फेडोराने एक रिकामे पॅकेज ठेवले आहे. त्याचे काम एवढेच, की कुठली जुनी पॅकेजेस आता बाजूला करावीत हे यंत्राला सांगणे.

जेंटूमध्ये एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या भांडारात सोबत नांदतात आणि वापरणारा आपल्याला हवी ती स्वतःच्या यंत्रावर बांधून घेतो. तिथे नवी आवृत्ती प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरवर तपासून स्थिर ठरेपर्यंत जुनी काढता येत नाही. एखाद्या कमी वापराच्या प्रोसेसरसाठी चाचणी करणारा माणूस मिळाला नाही, तर तेवढ्यासाठी जुनी आवृत्ती अडून राहते. आख्खे पॅकेज काढायचे असेल तेव्हा ‘लास्ट राइट्स’, म्हणजे अंत्यविधी, जाहीर होतो. पॅकेजवर मुखवटा (मास्क) चढतो, म्हणजे ते नव्याने बसवणे अडवले जाते, सोबत कारण, तारीख आणि जाहीर करणाऱ्याचे नाव लिहिले जाते आणि साधारण ३० दिवस वाट पाहिली जाते. त्या दिवसांत कुणी पुढे आले, तर अंत्यविधी थांबतो.

आर्चची रीत सर्वांत सरळ. तिथे वाहती शाखा एकच. नवी आवृत्ती आली की जुनी त्याच क्षणी मागे पडते. मेंटेनरांनी सोडलेले पॅकेज अनेकदा वापरकर्त्यांनीच चालवलेल्या वेगळ्या संग्रहात जाते आणि तिथली जबाबदारी ज्याची त्याची असते.

या चौघांत फरक आहे तो वेगाचा आणि अवधीचा. पण ज्यांनी कारण लेखी ठेवण्याची आणि कुणाला तरी पुढे येण्याची संधी देण्याची पद्धत लावून घेतली, त्यांचे निर्णय वर्षांनंतरही तपासता येतात. मला ही रीत मोलाची वाटते.

पायथन २ ची लांबलेली निवृत्ती

या प्रश्नाचे सगळे पदर एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या शाखेकडे, पायथन २ कडे, पाहावे. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले. ते जाणूनबुजून जुन्याशी विसंगत केले होते. जुन्या शाखेची शेवटची मालिका २.७ जुलै २०१० मध्ये निघाली. तिचा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, पण लोकांचे स्थलांतर इतके मंद होते की २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. अखेर १ जानेवारी २०२० रोजी आधार संपला आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. जाहीर झालेली मुदत एकदा पाच वर्षांनी वाढली, तरीही अनेकांची तयारी झालेली नव्हती.

डेबियनने हे काम २०१९ मध्ये जोमाने हाती घेतले. पायथन २ वर टेकलेल्या प्रत्येक पॅकेजवर एकाच खुणेची तक्रार नोंदवली गेली, जेणेकरून काम किती उरले ते रोज मोजता यावे. झाड तोडताना आधी पाने, मग फांद्या आणि शेवटी खोड, असा क्रम ठरला. ज्या पॅकेजवर दुसरे कुणी अवलंबून नाही ते आधी सुटे करायचे, मग त्याच्या खालचे. काही ठिकाणी किंमत मोजावी लागली. जिंप या चित्रसंपादकातली पायथनमध्ये लिहिलेली जोडसाधने पायथन २ वर होती, ती पॅकेजमधून वगळावी लागली. मूळ जिंप पायथन ३ वर आले ते मार्च २०२५ मधल्या ३.० आवृत्तीत. ई-पुस्तकांसाठी जगभर वापरले जाणारे कॅलिबर लिहिणारे कोविद गोयल सुरुवातीला बदलायला तयार नव्हते. पण इतर स्वयंसेवकांनी हातभार लावला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५ पायथन ३ वर आले.

एवढे करूनही डेबियन ११ मध्ये पायथन २.७ राहिलेच. मात्र प्रकाशन-टिपणात स्पष्ट लिहिले होते, की याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, हे अनुप्रयोग चालवण्यासाठी नाही, काही मोजकी पॅकेजेस बांधण्यासाठी अजून लागते म्हणूनच ठेवले आहे. डेबियन १२ मध्ये ते पूर्ण गेले. फेडोराने ४१ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, निरोप दिला. दुसरीकडे रेड हॅटने आपल्या सशुल्क वितरणाच्या ग्राहकांसाठी पायथन २.७ ची डागडुजी जून २०२४ पर्यंत चालू ठेवली. मूळ लेखक थांबल्यावरही सांभाळणारा मिळू शकतो. तो मिळतो कारण कुणीतरी त्याच्या वेळेचे पैसे देते, आणि हे उघड सांगण्यात कमीपणा काही नाही.

घाईत काढले की काय होते

जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिट पॅकेजेस पुढच्या आवृत्तीपासून बंद करण्याचे जाहीर केले. ३२ बिट प्रोसेसर नव्या यंत्रांत उरले नव्हते, त्यामुळे निर्णय कागदावर बरोबर दिसत होता. पण ६४ बिट यंत्रांवरही जुने खेळ आणि विंडोजचे प्रोग्रॅम चालवायला ३२ बिट लायब्ररी लागतात. खेळ विकणाऱ्या आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ वापरणाऱ्या मंडळींकडून इतका विरोध झाला, की काही दिवसांतच निर्णय बदलला आणि निवडक ३२ बिट पॅकेजेस राखली गेली. फेडोरातही असाच प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला आणि मागे घेतला गेला. डेबियन १३ ने मधला मार्ग धरला. जुन्या ३२ बिट यंत्रासाठी कर्नल आणि इन्स्टॉलर बंद केले, पण ६४ बिट यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती पॅकेजेस ठेवली.

लायब्ररीच्या बाबतीत धोका वेगळ्या वाटेने येतो. ‘लिबएसएसएल१.१’ नव्या वितरणांतून गेल्यावर, तिच्यावर बांधलेले बाहेरचे प्रोग्रॅम वापरणाऱ्या लोकांनी ती जुन्या वितरणातून उतरवून हाताने बसवली. अशा रीतीने आलेल्या लायब्ररीला पुढचे अपडेट मिळत नाही. सुरक्षेसाठी जी वस्तू काढली, तीच आता कुणाचे लक्ष नसलेल्या कोपऱ्यात जाऊन बसली. वाट न दाखवता दार बंद केले की लोक खिडकी शोधतात. दोष लोकांना देता येत नाही, कारण त्यांचे काम थांबलेले असते.

काढलेले जपायचे कुठे

वितरणाची मुदत संपली की त्याचे भांडार नेहमीच्या पत्त्यावरून हलते. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ चा आधार संपला, पॅकेजेस वेगळ्या जुन्या साठ्यात गेली आणि मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा सर्व्हरवर नेहमीची आज्ञा देणाऱ्या माणसाला फक्त त्रुटीचा संदेश दिसला. पॅकेजेस जगातून गेली नव्हती, पण ती कुठे ठेवली आहेत हे त्याच्या यंत्राला माहीत नव्हते. जुन्या प्रतिमांवर बांधलेले कंटेनरही असेच एका सकाळी तुटतात.

डेबियनची यासाठी दोन ठिकाणे आहेत. जुनी संपूर्ण प्रकाशने ज्यात राहतात तो संग्रह, आणि २००५ पासून भांडारात आलेली प्रत्येक आवृत्ती तारखेनुसार ठेवणारा ‘स्नॅपशॉट’. अमुक दिवशी डेबियन कसे होते, हे त्यातून पुन्हा उभे करता येते. आर्चचाही असा साठा आहे. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ तर जगभरचा मूळ कोडच साठवतो. त्याच्या दोन संस्थापकांपैकी स्तेफानो झाकिरोली हे डेबियनचे माजी प्रमुख, हा योगायोग मला वाटत नाही. काढण्याची सवय असलेल्यांनाच जपण्याची गरज आधी उमगते.

ही गरज हौशीची नाही. संशोधकाने दहा वर्षांपूर्वी काढलेला निष्कर्ष आज तपासायचा, तर त्या वेळच्याच लायब्ररी लागतात. न्यायालयात एखाद्या यंत्राच्या नोंदीवर प्रश्न आला, तर त्या दिवशी त्यावर कुठला कोड चालत होता हे दाखवता यायला हवे. मात्र संग्रहाचेही एक पथ्य आहे. तिथली पॅकेजेस पाहण्यासाठी आणि पुन्हा बांधून पडताळण्यासाठी असतात, रोजच्या वापरासाठी नसतात. जुन्या सह्यांची मुदत संपलेली असते आणि दुरुस्त्या थांबलेल्या असतात. ही सूचना संग्रहाच्या दारावरच ठळक हवी.

मोजदादीत न दिसणारे

काढताना ‘वापरते कोण?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी डेबियनकडे ‘पॉपकॉन’ ही मोजदाद आहे. ती ऐच्छिक आहे. ज्यांनी होकार दिला आणि ज्यांची यंत्रे इंटरनेटवर आहेत, तेवढीच तिच्यात येतात. ‘लोहित’ या देवनागरी फाँटचा विचार करा. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि डेबियन व फेडोरा दोन्हीकडे तो पॅकेज म्हणून आहे. जगाच्या मोजदादीत असा फाँट लहान दिसणार. पण तालुक्याच्या शाळेतल्या, नेटला क्वचित जोडल्या जाणाऱ्या संगणकावर मराठी अक्षरे नीट दिसणे हे अशाच पॅकेजवर अवलंबून असते. लहान भाषिक समूहांच्या बाबतीत कमी आकडा म्हणजे कमी गरज असे धरणे अन्यायाचे आहे. म्हणून आपल्या भाषेची पॅकेजेस पोरकी पडतात का, हे पाहण्याचे आणि पडली तर पदरात घेण्याचे काम आपणच करायला हवे. त्यासाठी फार मोठा संघ लागत नाही. सहा आठवड्यांच्या मुदतीत हात वर करणारा एक माणूस पुरतो.

निष्कर्ष

या आढाव्यातून चांगल्या निवृत्तीची चार लक्षणे दिसतात. निकष राखणीचा असावा, वयाचा नको. कारण लेखी आणि सर्वांना वाचता येईल असे असावे. पॅकेज गेल्यावर त्यावर टेकलेल्याने कुठे जायचे, ती वाट आधीच, पुरेसा अवधी देऊन, आखलेली असावी. आणि गेलेली आवृत्ती तारखेसह सापडेल अशी ठेवावी. यांतले एकेक लक्षण कुठल्या ना कुठल्या वितरणात आज आहे. फेडोराची पोरक्यांची यादी, जेंटूचा ३० दिवसांचा अवधी, डेबियनचा स्नॅपशॉट. चारही एकत्र नांदणारे वितरण मात्र अजून व्हायचे आहे.

तोवर एक मागणी रास्त आहे. पुढच्या घोषणेत ‘इतकी पॅकेजेस काढली’ हा आकडा येईल तेव्हा त्याच्यासोबत यादी असावी. प्रत्येक नावापुढे तीन रकाने हवेत: का काढले, त्याऐवजी काय वापरावे आणि जुने कुठे मिळेल. माहिती बरीचशी नोंदलेली आहेच, ती विनंत्यांत आणि टिपणांत विखुरली आहे. ती एका जागी आणली, तर त्या तिसऱ्या आकड्यात आपले पॅकेज शोधणाऱ्या माणसाला पुढचा रस्ता त्याच ओळीत सापडेल.